मस्कतच्या बाजूला

पूर्णगडच्या गाडीची वाट बघत करुणा रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर बसली होती. शेजारीच सासू-सुनेची जुंपली होती.

"आई, सानवीला बघून गेलेल्या पाव्हण्यांनी मस्कतात चौकशी केली. यांना तिथं कोण ओळखत नाय म्हणे."

"कसं ओळखतील? रितेश सोहारला हाय ना!"

"मग गावभर मस्कत कोणी सांगितलंन?"

"सोहार बोल्लं की लोक विचारतात, ते कुठं आलं? मस्कत सगळ्यांना माहीत."

"आता पाव्हणे बोलतात, मुलीच्या भावाचंच खोटं, तर बाकीचं काय खरं? ठरलेलं लग्न मोडायला आलंय."

"म्हणून तर चाललोय त्यांच्याकडं."

"तिथं सरळ सोहार सांगा."

"सांगीन. मस्कतच्या बाजूलाच म्हणून."

"बाजूला नाय, आई! अडीच तास लांब हाय!"

"तू गप. ह्या बाईंनाच विचारते. काय वो, तुमचे मालक कुठं असतात?"

"मुंबईला," करुणा म्हणाली.

"बघ! कशा एका शब्दात बोलल्या!"

सून करुणाकडे वळली. "मुंबईत कुठं?"

करुणाने पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"बदलापूरला."