टाकीवरचं स्टिकर

गाडीच्या टाकीवर हे ओरखडे कसले म्हणता? अहो, चाळीसगावजवळ माझी सासुरवाडी. तिथे ग्रामपंचायतीला माझे दोघे मेहुणे समोरासमोर उभे होते. मी भेटायला गेलो, तर थोरल्याने टाकीवर स्वतःचं स्टिकर चिकटवलं. ते पाहून धाकट्याचा चेहरा उतरला. "बठ्ठा त्यासनाच शेतस. दाजी, तुम्ही बी?" म्हणजे सगळे थोरल्याच्याच बाजूचे, आणि आता मीही.

मी भर उन्हात खोबरेल लावून स्टिकर नखांनी खरवडलं. तेवढ्यात थोरला आला. "दाजी, माझं नाव इतकं टोचत होतं?"

निवडणुकीत दोघंही पडले आणि एक झाले. परवा एकाच गाडीवरून आमच्या दारासमोरून गेले. मी हाक मारली, तर वळूनही पाहिलं नाही.

बायको म्हणाली, "जाऊ द्या. निदान ते तरी एकमेकांशी बोलायला लागले."