आधी पट्टे उतरवा

आदरणीय अध्यक्षमहोदया, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपले क्रीडाशिक्षक, म्हणजे मुलांचे लाडके शिट्टीसर, त्यांचे कुटुंबीय, माझे सहकारी, आणि मागे चुळबुळणाऱ्या माझ्या मुलांनो,

मी चित्रकला शिकवते. मला बोलायची सवय नाही. हसू नका, वर्गात ओरडते ते वेगळं!

आत शिरताना मोठी गंमत वाटली. डावीकडे सकाळचं सत्र, पिवळे बिल्ले लावून. उजवीकडे दुपारचं सत्र, हिरवे बिल्ले लावून. सजावट सकाळवाल्यांची, खाऊ दुपारवाल्यांचा, आणि "आधी आपल्या माणसांना हं" हे मी दोन्हीकडून ऐकलं. म्हणूनच एक आठवण सांगते.

सांघिक सामन्यांचा शेवटचा दिवस होता. दंडाला लाल कापडी पट्टे बांधलेला संघ जिंकला, निळे पट्टेवाले हरले. लालवाल्यांची कर्णधार माझीच कन्या, तेव्हा चौथीतली. सरांनी संत्र्यांची टोपली तिच्या हाती दिली आणि म्हणाले, "सगळ्यांना सारखी वाट." काय सांगू तिचा न्याय! पाय मुरगळून नुसत्या बसलेल्या गड्यालाही इतरांइतकीच संत्री. एकीला लहान आलं, तर लगेच बदलून दिलं. आई म्हणून माझी मान ताठ झाली. मग निळ्यांकडे लक्ष गेलं. त्यांच्यापुढे टोपलीच्या तळाची, चेपलेली चार-दोन फळं.

"अगं, आणि ते?"

"ते कुठे आपले आहेत?" ती म्हणाली. अगदी निरागसपणे, बरं का!

मी डोळे वटारणार, तोच शिट्टी वाजली. सर रागावले नाहीत. "सगळ्यांनी पट्टे काढून या पिशवीत टाका," म्हणाले. "हं, आता बघ बरं, कुणाला मिळालं नाही?"

समोर उभी होती तिच्याच बाकावरची मैत्रीण. निळ्यांची गोलरक्षक, रडून रडून नाक लाल झालेली. "अय्या, तुला मिळालंच नाही!" पोरगी खरोखर चकित झाली होती. सकाळीच दोघींनी एका डब्यात खाल्लं होतं. एवढ्याशा चिंधीमुळे जिवाची मैत्रीण दिसेनाशी व्हावी? सगळी फळं परत टोपलीत आली आणि वाटप पुन्हा झालं.

तेव्हापासून आपल्या मैदानावर आधी पट्टे उतरतात, मगच खाऊ. सामने नकोत असं सर कधीच म्हणाले नाहीत. उलट सामना रंगला की सगळ्यांत जास्त आरडाओरडा त्यांचाच!

सर, तुम्ही निघालात याचं फार वाईट वाटतंय. उद्यापासून पट्टे उतरवायला कोण सांगणार, हीच काळजी आहे.

संयोजकांचे, अध्यक्षांचे आणि एवढा वेळ ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलताना चिमटा बसला असेल, तर तो दोन्ही सत्रांना अगदी सारखा वाटला आहे, तेव्हा पोटात घ्यावा.

आणि हो, खाऊकडे वळण्याआधी दाराकडे बघा. माझी कन्या, आता दहावीतली, तीच जुनी पिशवी घेऊन उभी आहे. मघाशी मला बजावून गेली, "आई, आधी तुझा बिल्ला."

हा बघ गं, काढला.