माझ्या मापाचा कोट

अहो, सोडणं इतकं अवघड असतं हे कुणी आधी सांगितलं असतं, तर मी त्या कोर्सला नाव घातलं असतं का? तुम्हाला सांगते, नाव घालायला एक बोट पुरलं, तेही लेकीचं, मोबाइलवर, टक् टक् टक्... 'आई, झालं तुझं ॲडमिशन!' आणि सोडायला? तीन चकरा, एक अर्ज आणि एक रडारड! रडणारी मीच, आधीच सांगून ठेवते.

बावीस वर्षं माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. पँट आखूड करा, कंबर सैल करा, चेन बदला... गल्लीत कुणाचं पोट कधी सुटलं ते डॉक्टरच्या आधी मला कळतं. पण कोरं कापड घेऊन त्यातून अख्खा कोट उभा करणं, ते कधी केलंच नाही हो! शिवायचं दुसऱ्याने, उसवायचं मी. एकदा मनात आलं, मरण्याआधी एक कोट शिवायचा, माझा, माझ्या मापाचा. हे लेकीपुढे बोलले आणि तिथेच घात झाला. दोन वर्षांचा फॅशन डिझाइनचा कोर्स! नवरा म्हणाला, 'बघ बाई, झेपलं तर झेपलं.' आता हा आधार होता की आगाऊ शोकसंदेश, ते मला अजून कळलेलं नाही.

आठ महिने! आठ महिन्यांत कात्रीने कापड म्हणून कापू दिलं नाही. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या लेकीपेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठ्या, हवेत हात फिरवत म्हणायच्या, 'कापड बोलतं... ऐका!' मी कान लावला. खरंच लावला हो! सगळा वर्ग हसला. मग रंगीत कागद कातरून फळ्यावर चिकटवायचे, त्याला म्हणायचं प्रेरणा. माझी प्रेरणा बघून मॅडमनी शेरा दिला, 'आत्मविश्वास कमी पडतो.' त्याच आठवड्यात मी म्हटलं, मॅडम, तुमच्या या चित्रातल्या बाईने हात वर केला तर कोट काखेत फाटेल. शेरा काय? 'आत्मविश्वास जरा जास्तच!' म्हणजे माझा आत्मविश्वास कंबरेत सैल आणि काखेत घट्ट! बस्स म्हटलं. सोडायचं. ठरलं!

पहिल्या खेपेला अर्ज घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. आरशासमोर पाठ केलं होतं, 'मॅडम, मी पूर्ण विचारान्ती...' तोंड उघडणार, तेवढ्यात नजर गेली त्यांच्या कोटाच्या घेराकडे. अस्तर लोंबतंय! आता तुम्हीच सांगा, लोंबतं अस्तर दिसल्यावर माझ्यासारखीने करायचं काय? बसले खाली, काढली पर्समधली सुई... वीस मिनिटांनी बाहेर आले तेव्हा अर्ज पर्समध्येच, वर मॅडमच्या दोन पँट बगलेत. आणि सोडायचं ठरलं होतं!

दुसऱ्या खेपेला म्हटलं, नजर खाली न्यायचीच नाही. छताकडे बघत बोलले, 'मॅडम, मला हा कोर्स...' 'मनापासून आवडतोय ना?' 'हो,' म्हणाले मी! हो! बावीस वर्षं गिऱ्हाइकाला हो म्हणत आलेली जीभ ती, तिला ऐन वेळी 'नाही' सुचतंय होय? दुसऱ्या दिवशी फळ्यावर पाहते तर वर्गप्रतिनिधी म्हणून माझं नाव. सोडायचं ठरलं होतं हो!

तिसऱ्या खेपेला अर्ज टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. मॅडमनी वाचला. या वेळी हवेत हात फिरवले नाहीत, सरळ विचारलं, 'कंटाळून सोडताय की घाबरून?'

मला रडूच फुटलं. खरं सांगू? कोर्सला कंटाळले होते आणि कोटाला घाबरले होते! कोर्स चालू होता तोवर सांगायला बरं होतं, 'शिकतेय हो अजून.' एकदा सोडला की सबब संपली. मग कापड पुढ्यात, कात्री हातात, आणि वाकडं कापलं तर बोल कुणाला लावायचा? बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या मी, स्वतःची एक चूक बघायची छाती नव्हती. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि हळूच म्हणाल्या, 'कुणाला सांगू नका, मलाही कोट शिवता येत नाही. मी नुसते कागदावर काढते.' आणि केली सही. अशी भराभर केली, की मला जरा वाईटच वाटलं. माणसाने एकदा तरी 'थांबा' म्हणावं! पण सोडायचं ठरलं होतं ना? सुटलं.

मग बसले. नऊ दिवस, दुपारी दुकानाला कडी घालून. गडद निळं कापड, खडू, कात्री. पहिला काप घेताना मी डोळे मिटले होते, दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला दुकानाबाहेर काढलं असतं. पण झाला! कॉलर, खिसे, अस्तर, सगळं. अंगात घातला. लेक म्हणाली, 'आई!' एवढंच. नवरा दोनदा मागून फिरून बघून गेला. मला असं भरून आलं म्हणून सांगू... जमलं होतं मला. जमलं होतं हो!

आणि आरशात बघता बघता... डावा खांदा. सूतभर खाली. लेकीला दिसला नसता, नवऱ्याला तर कोट हातात देऊन दाखवला तरी दिसला नसता. पण मला दिसला ना! कोट अंगातून कधी उतरवला, हात कधी उसवायला लागला कळलंच नाही, बाही सुटून मांडीवर! तेवढ्यात दाराशी एक गिऱ्हाईक, त्याच्यामागे दुसरं, त्याच्यामागे तिसरं, सगळ्यांना घाई... मी कोटाला माझ्या नावाची चिठ्ठी टाचली आणि सगळ्यांच्या कपड्यांमागे खुंटीला अडकवून दिला.

आता विचाराल, कधी तयार होणार? मी स्वतःला सांगितलंय, गुरुवारी या. कुठल्या गुरुवारी, ते मात्र मला विचारू नका... ते मी आजवर कुठल्याच गिऱ्हाइकाला सांगितलेलं नाही!