बी-कॉम्प्लेक्सची कावीळ

आमचे सलीमभाई भिंगारचे, नागापूरच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या लेथवर काम करतात. तोंड आलं म्हणून डॉक्टरांनी त्यांना बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्याच दिवशी लघवी हळदीसारखी पिवळी. गडी घाबरला. कावीळच झाली समजून त्यांनी तेल, मटण सगळं सोडलं, गोळ्या मात्र नेमानं चालू ठेवल्या.

चौथ्या दिवशी पुतणीच्या लग्नात सगळे बिर्याणीवर तुटून पडलेले आणि हे साधा भात चिवडत बसलेले. नेमके तेच डॉक्टर शेजारी जेवायला बसले. सलीमभाईंनी हळूच दुखणं सांगितलं.

डॉक्टर हसले. "अहो, तो गोळीतल्या व्हिटॅमिनचा रंग आहे. अंगाला लागून उरलेलं बाहेर पडतं. कावीळ कसली?"

सलीमभाईंनी वाढणाऱ्याला हाक मारली. "बिर्याणी आधी मला वाढ. डॉक्टरसाहेब थांबतील. त्यांच्यामुळं मी चार दिवस उपाशी हाय."