इथे कमान कापून मिळणार नाही

नाही काका, वर्कशॉप उघडंच आहे — कापणं बंद आहे. कालपासून. रागावू नका, आधी ऐका तरी. मला काय वाटलं होतं, माहितीये? इतकी वर्षं लांब राहून डॉक्टर झाले, तीही हाडांची — का? तर आपल्या बाजूनं मोठा रस्ता जातो, तिथे गाड्यांवर गाड्या आदळत असणार, आपण परत जायचं आणि माणसं वाचवायची. अगदी असंच ठरवलं होतं मी — हसा, हसा, दादाही हसतो. आणि आले तर काय? दवाखान्यात माणसं येतायत, बरगड्या मोडलेली, कंबर चेपलेली, एकाची मांडी तर — जाऊ द्या. विचारावं, कुठे धडकलात? कुठेच नाही. मग अपघात कसा झाला? छे हो डॉक्टरीणबाई, अपघात कसला, ट्रॅक्टर लोळला! लोळला म्हणे! म्हैस लोळते काका. ट्रॅक्टर उलटतो, आणि त्याच्याखाली माणूस असतो. पण समोर दुसरी गाडी नाही, भिंत नाही, बागेतल्या उतारावर आपला रमतगमत चाललेला, वरच्या अंगाचं चाक एका दगडावर चढलं की संपलं — आणि धडक नाही म्हणून तुमच्या लेखी तो अपघातच नाही. मग कशाला कोण काय बदलेल?

आता ही कमान. सीटच्या मागे एवढी जाड लोखंडी कमान कशाला लावलेली असते, शोभेला? ट्रॅक्टर उलटला तर त्याचा भार तिनं घ्यावा, पट्टा बांधून बसलेल्या माणसानं नाही — एवढ्यासाठी. आणि तुम्ही मंडळी नवाकोरा ट्रॅक्टर आणता तो पहिला आमच्या दारात — का, तर कमान फांद्यांना अडते, फळं झडतात! अहो, मग फांद्या छाटा की. नाही, फांदीला हात लावायचा नाही, कमान कापा. आणि आमचे बाबा कापून देतात — घासूनपुसून, वर रंग मारून, तिथे कधी काही होतं हे कळूसुद्धा नये. हो, मला ठाऊक आहे मी कोणाच्या जिवावर शिकले, ते तुम्ही नका ऐकवू. ठाऊक आहे म्हणूनच बोलतेय.

बाबांना विचारता? खुशाल विचारा. पडल्यापडल्या हो म्हणतील. काल मलाच बजावत होते, गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही. त्यांची पद्धत तुम्हाला माहितीच आहे — कापून झालं की स्वतः चालवून बघायचं, गिऱ्हाइकाच्या बागेत जाऊन, सगळ्यात खालच्या फांदीखालून. त्याशिवाय गाडी ताब्यात द्यायची नाही. परवाही तसेच गेले. फांदीखालून सुटली गाडी, पानसुद्धा पडलं नाही म्हणे — आणि पलीकडच्या उतारावर वळवायला गेले. हं. मी पोचले तेव्हा चार माणसं ट्रॅक्टर उचलत होती आणि बाबा मला काय सांगत होते? ‘घाबरू नकोस गं, धडक नाही झाली, नुसता लोळला.’ माझे बाबा! मला!

भेटायला जरूर जा, बरं वाटेल त्यांना. फक्त पायांचं काही बोलू नका. म्हणजे — ते विचारतील, पाय कधी जागे होणार, तर तुम्ही आपलं — सूज उतरली की बघू, असं सांगितलंय मी त्यांना. सूज नाहीये काका. मणकाच — दादालाही अजून बोलले नाहीये मी, आणि तुम्हाला कशी काय सांगून बसले? तुम्ही हे ऐकलं नाही. ऐकलंत ना? म्हणजे, नाही ऐकलंत. आज मीच सांगणार आहे दोघांना. आणि तो रुमाल ठेवा खिशात, मी रडत नाहीये, मला संताप आलाय.

कसला हट्ट? दुसरीकडे कापून घ्याल? घ्या. त्यांच्याही दारात जाऊन उभी राहीन, मग म्हणा वेडी आहे. काल सकाळी दादा शटर वर करत होता, तेव्हाच मी त्याला सांगितलं — आजपासून या वर्कशॉपमध्ये कमान कापायची नाही, आणि बाबांनी ज्यांच्या ज्यांच्या कापल्यात त्यांना बोलावून फुकट नवी बसवून द्यायची, पहिली त्या परवाच्या ट्रॅक्टरला. तो म्हणाला, बाबांना एकदा विचारून घे. मी म्हटलं, नाही विचारणार. झालं. या आता तुम्ही. आणि काका — गाडी सरळ मागे घ्या, वळवू नका, त्या बाजूला उतार आहे.