एक सूप कोंडा

…म्हणजे माझा बाप माझ्या आज्याचा नाहीच, असं कागद म्हणतो! हसताय काय? परवा चांदवडचे पाहुणे यायचेत, आमच्या धाकट्या बहिणीचं, कुसुमचं लग्न ठरायचंय, आणि इथं हा घोळ… तुम्हाला सांगतो, आम्ही नाशिकचे क्षेत्रोपाध्ये! गंगेवर कुठलाही यजमान येऊ दे, नुसतं गाव आणि आडनाव सांगायचं, की आमची वही उघडून त्याच्या पिढ्यान् पिढ्या घडाघडा वाचून दाखवतो. पण मुलाचे काका पडले पेन्शनर शिरस्तेदार! नाकात बोलतात, "वही तुमची, लिहिणारे तुम्हीच. सरकारी उतारा दाखवा. कागद खोटं बोलत नाही."

गेलो कचेरीत. कारकुनानं दप्तर झटकलं, सगळी धूळ माझ्या उपरण्यावर, आणि वाचलं, "ढुंढिराज वल्द महेबूब." अहो, महेबूबचा मुलगा? ढुंढिराज म्हणजे आमचे तीर्थरूप, दोन वेळा संध्या करतात! तर म्हणतो, "करत असतील. कागद खोटं बोलत नाही. कागदावरची आई हयात असेल तर तिचा अंगठा आणा, दुरुस्त करू."

घरी आलो तो घामाघूम. वडील शांतपणे म्हणाले, "अरे हो! माझ्या आधीचे मुलगे जगले नाहीत ना, म्हणून आईनं मला भिंतीपलीकडच्या रोशनबीला विकलं. सूपभर कोंड्याला!" आणि नेमका त्याच वेळी जन्म टिपणारा दारात. "मूल कुणाचं?" आता 'माझं' म्हणावं, तर सटवाईनं ऐकलं म्हणजे? आजी ठसक्यात म्हणाली, "रोशनबीचं!" त्यानं लिहिलं. तो बिचारा काय करणार?

म्हटलं, सुटलो! तिचा नवरा महेबूब विणकर गेला, पण रोशनबी आहे अजून, दात गेले तरी जीभ शाबूत. धावलो अंगठा मागायला. म्हातारी सुपारी कुटत होती. म्हणाली, "बेटा, कोंडा मैंने दिया. वापस कुणी दिला? पाच वर्साचा झाला की सोडवून नेते, बोलली तुझी दादी. मग बोलली, पुढल्या साली. फिर पुढल्या साली… डरती थी बेचारी. तशीच गेली."

खरं सांगतो, जन्मभर त्या बाईनं स्वतःच्या पोराला 'माझं' म्हटलं नाही हो!

पण पाहुणे परवा! घरातून सूपभर कोंडा घेऊन पळत गेलो, रस्त्यात अर्धा उडाला, राहिलेला तिच्यापुढं ठेवला… तर मागून वडील! काठी आपटत म्हणतात, "उचल तो कोंडा! तिच्या नावावर इतकी वर्षं जगलो. आता या वयात सोडवून नेलंस आणि सटवाईला पत्ता लागला म्हणजे?" आणि बसले की तिच्याच ओट्यावर, तिच्या शेजारी!

आता बोला! काकांना काय दाखवू? उतारा दाखवला तर लग्न मोडतं, दुरुस्त केला तर बाप मरतो म्हणतो!

आणि रोशनबी? तिनं कोंडा शेळीपुढं ओतला, सूप माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "परसों मैं आती. चांदवडवाल्यांना सांग, मुलाचा उतारा घेऊन या. नात माझी आहे… कागद खोटं बोलत नाही."