शेजारच्या ओव्हनमधली टर्की

थँक्सगिव्हिंगची दुपार. ओहायोतल्या त्या छोट्या बेकरीच्या रांगेत व्हर्नाच्या मागे एक सासू-सून उभ्या होत्या.

“आई, रागावू नका. सकाळी बघते तर टर्कीच्या पोटात बर्फ. तासभर बाथटबमध्ये बुडवून ठेवली. कशीबशी आत ढकलली, तर दहाला ओव्हनच बंद पडला.”

“मग आता आहे कुठे ती?”

“क्लेटनकडे.”

“शेजारच्या? कुंपणावरचं झाड तोडल्यापासून बोलत नाही ना तुम्ही?”

“तीन वर्षं झाली. पण आज त्याचा ओव्हन रिकामाच होता.”

“काय म्हणाला?”

“हातातून भांडं घेतलं आणि विचारलं, किती वाजता जेवता.”

“मग बोलावलंस त्याला?”

“जीभच रेटली नाही.”

“अगं, दिवसभर वास त्याच्या घरात, आणि चारला तू जाऊन टर्की उचलून आणणार?”

सुनेनं काचेमागे नजर टाकली.

“बोलावते,” ती म्हणाली. “त्याला चेरीची पाई आवडायची.”

काचेमागे चेरीची एकच पाई उरली होती. व्हर्ना खास त्या पाईसाठीच गावाच्या दुसऱ्या टोकाहून आली होती. तिचा नंबर लागला.

“सफरचंदाची द्या,” ती म्हणाली.